शिंदीची साक्ष

मुलाला वकिलीच्या शिक्षणाला पाठवायचे की नाही हा प्रश्न केशोरावांनी मंडईच्या दिवसापर्यंत लांबवला, तिथेच त्यांची चूक झाली.

दिवाळी सरली की गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजूला गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी बाजार लागतो, दंडारीच्या सोंगांचे फड उभे राहतात आणि लेकी, जावई, साडू, साल्याचे साडू असे जेवढे पाहुणे असतील तेवढे नव्या धानाचा भात खायला येतात. वर्षभर अडलेले निर्णय त्यांच्यासमोर घेतले जातात. सोयरीक जुळते मंडईत, आणि मोडायची असली तर तीही मंडईतच मोडते.

घनश्याम त्या उन्हाळ्यात नागपूरहून बी.ए. होऊन आला होता. साल १९३३. गावात बी.ए. झालेला तो पहिलाच, त्यामुळे या वस्तूचे पुढे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते. गोंदियाच्या एका शाळेने त्याला मास्तरकी देऊ केली होती आणि मंडईनंतर लगेच उत्तर मागितले होते. घनश्यामला मास्तरकी नको होती. त्याला पुढच्या पावसाळ्यात नागपूरच्या लॉ कॉलेजात जायचे होते आणि परत येऊन गोंदियाला पाटी लावायची होती. पाटीवरची अक्षरे कशी असावीत हेसुद्धा त्याने ठरवून ठेवले होते.

केशोरावांचा विरोध नव्हता. नेमके काय विकत घेतो आहोत ते त्यांच्या लक्षात येत नव्हते.

"मास्तर झाला तं लोक रामराम करतीन," ते म्हणत. "वकील झाला तं काय करतीन?"

"पैसे देतील, बाबा."

"कोन?"

"ज्यांची भांडणं असतील ते."

"भांडणं तं आपल्याच सोयऱ्यांची हायत. सोयऱ्याकडून पैसे घेशीन?"

मग केशोराव म्हणत, "मंडई होऊ दे. चार लोकांत पाहू."

मंडईच्या दिवशी सकाळपासून केशोरावांनी प्रत्येक पाहुण्याला हात धुवायला पाणी देता देता तोच प्रश्न विचारला. मते मिळाली. एका साडूच्या मते वकील लोक खोटे बोलतात. दुसऱ्याच्या मते सगळेच बोलतात, वकिलाला त्याचे पैसे मिळतात एवढाच फरक. गोंदियाचे धानाचे व्यापारी चुन्नीलाल दरसाल मंडईला केशोरावांकडेच जेवत. कोर्टाची पायरी प्रत्यक्ष चढलेले पंगतीत तेवढे एकच असल्यामुळे त्यांचे मत वजनदार मानले गेले.

"देखो केशोराव," चुन्नीलाल भातावर वरण ओढून घेत म्हणाले, "मैं मुकदमा जीता. मेरा भाई हारा. और पक्का मकान किसने बनवाया? दोनों के वकीलों ने. लड़के को जरूर भेजो."

"म्हंजे चांगला धंदा हाय?"

"धंदा अच्छा है. घर में मत रखना."

शेवटचे वाक्य केशोरावांनी तेव्हा नीट ऐकले नाही.

पहिली पंगत उठली. बाजाराच्या मैदानात दंडार सुरू झाली होती. ढोलकीचा आवाज येत होता आणि राणीचे सोंग घेतलेला माणूस पदर खोचून, बिडी ओढत केशोरावांच्या फाटकावरून घाईने चालला होता. मनिराम हा केशोरावांचा चुलतभाऊ. त्याने सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि घनश्यामला कडुनिंबाखाली नेले.

"तुले वकील व्हायचं म्हन्ते. मग एक सांग. समज, एका मानसाची बांधी हाय."

"हं."

"बाजूले दुसऱ्या मानसाची बांधी हाय. मधात धुरा. तो दुसरा मानूस दरसाल मिरगाच्या आधी फावडा घेऊन येते. आपल्या बाजूनं धुरा कोरते आन् तीच माती या बाजूले थापते. धुरा जेवढ्याचा तेवढाच दिसते. पन तो सरकून राहिला."

"तुमच्या बांधीत?"

"मी कोनाचं नाव घेतलं काय गा?"

धानाच्या शेतांमधल्या, म्हणजे बांध्यांमधल्या, या मातीच्या धुऱ्यांवरून या भागात जेवढे वैर झाले तेवढे कशावरूनच झाले नाही. पण घनश्याम लहानपणापासून नागपूरला शिकायला होता. बांधी आणि धुरा त्याला सुटीपुरते माहीत. उलट नागपूरच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून त्याने पुष्कळ ऐकले होते, आणि आज आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचा सल्ला घेत होते. तो सरसावून बसला.

"धुऱ्यावर झाडं आहेत?"

"शिंदी हायत. बुढ्या आज्यानं लावल्या. वाटणी झाली तवा, बराबर मधोमध."

"आणि आता त्या धुऱ्याच्या मधोमध आहेत?"

मनिराम थांबला. रोज पाहत असलेली गोष्ट त्याने आत्ता पाहिली. "नाई. त्याच्या धानात उभ्या हायत."

"मग काका, झाड चालतं का?"

"झाड कसं चालंन?"

"म्हणजे धुरा चालला. तुम्ही काही बोलूच नका. कोर्टाचा मोजणीवाला अमीन आणायचा, शिंदीपाशी उभा करायचा. झाडाचीच साक्ष काढायची. समोरच्या माणसाकडं याला उत्तर नाही."

मनिरामच्या तोंडातली सुपारी चावायची राहिली. त्याने घनश्यामच्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेला. घनश्याम इतका खूश झाला की तो सरळ स्वयंपाकघरात आईकडे गेला.

जमुनाबाई वडे तळत होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि झारा परातीत ठेवला.

"मनिराम भाऊजी जेवले होते?"

"हो, पहिल्याच पंगतीत."

"आन् त्या दुसऱ्या मानसाचं नाव नाई घेतलं."

"नाही. समज म्हणाले."

"आरे, ज्याच्या घरचा भात खाल्ला, त्याचं नाव घेऊन त्या दिवशी गाऱ्हानं सांगत नाई, हेबी नाई शिकवलं का तुले नागपुरात? नाव नाई घेतलं म्हंजे गाऱ्हानं याच घरचं हाय." त्यांनी झारा उचलून वडा उलटला. "ते शिंदीचं शेत तुह्या बापाचं हाय."

घनश्याम चुलीपाशी तसाच उभा राहिला. मग त्याची नागपूरची मराठी गळून पडली. "आता काय करू वो आई?"

"आता काय करतं? वडा खा."

दुपार कलल्यावर पाहुणे अंगणात बसले. केशोरावांनी खाकरून विषय काढला. मतांचा कल मास्तरकीकडे होता: पगार ठरलेला, सुट्या पुष्कळ, गोंदिया जवळ. केशोरावही मान हलवत होते. घनश्यामला आपली पाटी दिसेनाशी होऊ लागली. तेवढ्यात मनिराम उभा राहिला.

"पोट्ट्याले वकीलच करा."

केशोराव चकित झाले. घनश्यामला बी.ए.ला पाठवताना सगळ्यांत जास्त बोंब याच मनिरामने मारली होती. "काऊन गा?"

"मी आज त्याले एक मुकदमा पुसला. त्यानं पान लावायच्या आत सोडवला."

"काय म्हन्तं!" केशोरावांची छाती फुगली. "सांग ना रे घनश्याम, चार लोकांत सांग."

"काही विशेष नाही, बाबा. साधी गोष्ट होती."

"साधी कशी?" मनिराम म्हणाला. "जबरदस्त होती."

"अशिलाची गोष्ट चारचौघांत सांगू नये, असा नियम आहे."

"अशीलच तं सांग म्हनून राहिला!"

"सांग," केशोराव म्हणाले. "तुह्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न हाय. लोकांले तुह्यं डोकं पाहू दे."

दाराच्या चौकटीत जमुनाबाई परात घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहून घनश्यामला काहीच मदत मिळाली नाही. चुकीचा सल्ला बनवून सांगावा तर लॉ कॉलेज गेले; खरा सांगावा तर बाप गेला. त्याने डोळे जमिनीवर लावून जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.

"एका माणसाची बांधी आहे..."

धुरा कोरण्याची गोष्ट आली तेव्हा केशोराव म्हणाले, "असे लोक असतात." शिंदीची गोष्ट आली तेव्हा ते काही म्हणाले नाहीत. झाड चालत नाही इथवर आल्यावर अंगणात "वाऽ!" अशी एकच दाद आली. दाद देणारे चुन्नीलाल होते. त्यांना गावची शेते माहीत नव्हती.

बाकी सगळ्यांना शिंदी कुणाच्या धानात उभी आहे ते माहीत होते. पण सगळे केशोरावांकडे जेवले होते. नाव घेणे शक्य नव्हते.

केशोरावांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. "त्या दुसऱ्या मानसाचंबी काही म्हननं असंन ना?"

"असेल, बाबा."

"समज, त्या दुसऱ्या मानसाच्या दुसऱ्या अंगाले पांदन हाय. पावसाळ्यात चिखल झाला का साऱ्या गावच्या गाड्या त्याच्या बांधीतून जातात. दरसाल पांदन त्याच्या बांधीत सरकते. त्यानं कोनाकडे जाव? सरकला तो इकडे थोडासा."

"कायद्यात ते चालत नाही," घनश्यामच्या तोंडून निघून गेले. तो स्वतःच दचकला, पण प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर त्याला येत होते. "पांदणीचं भांडण गावाशी. त्यासाठी शेजाऱ्याची जमीन घेता येत नाही."

"त्यानं काय मुद्दाम घेतली?"

"फावडं काय आपोआप चाललं?"

पुन्हा "वाऽ!" झाले. केशोराव तापले होते. पण बारकाईने पाहणाऱ्याला त्यांच्या चेहऱ्यावर दुसरेही काही दिसले असते. पोराने त्यांना चारचौघांत दोनदा पाडले होते, आणि एवढ्या सफाईने त्यांना आजवर कुणी पाडले नव्हते.

"मनिरामभाऊ," कोपऱ्यातून आवाज आला. तो दुधरामचा, भाऊबंदकीतलाच. त्याची बांधी मनिरामच्या पलीकडे. "एक मीबी पुसू का पोराले?"

"पूस ना," मनिराम उदारपणे म्हणाला.

"समज, एका मानसाची बांधी हाय. त्याच्या धुऱ्यावर शिंदी नाई. बाभूळ हाय. बाभूळ चालंन का?"

घनश्यामने मनिरामकडे पाहिले. मनिराम आभाळाकडे पाहत होता.

"बाभूळही चालत नाही, दुधरामकाका."

"मग ते बाभूळ यंदा शेजाऱ्याच्या धानात कसं गेलं? मी कोनाचं नाव घेत नाई."

"मी बी मुकदमा करतो असं कुठं म्हनलो?" मनिराम घाईघाईने म्हणाला. "मी समज म्हनलो. आपलं पोराचं डोकं पाहाव म्हनून."

"आता मले माह्या डोक्याचं पाहू दे," दुधराम म्हणाला. "अमीन आनाले काय लागते रे घनश्याम?"

अंगणात एकदम पाच-सहा जण बोलू लागले. प्रत्येकाच्या बोलण्यात एक माणूस होता, एक दुसरा माणूस होता आणि एक झाड होते. नाव कुणाच्याच तोंडी नव्हते. चुन्नीलाल या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "अरे भाई, कौन किसका खेत खा रहा है, कोई बताएगा?"

"मी सांगते."

स्वयंपाकघराच्या दारातून सावित्रीबाई बाहेर आल्या. केशोरावांच्या वारलेल्या थोरल्या चुलतभावाची ही बायको. सगळ्यांची वहिनी, आणि सकाळपासून चुलीपुढे. दुधरामच्या पलीकडची, तलावाच्या काठची शेवटची बांधी त्यांची.

"वहिनी," केशोराव म्हणाले, "आज भात..."

"तुमी खाल्ला. आमच्या बायांची पंगत व्हायचीच हाय. माह्या पोटात सकाळपासून दाना नाई." त्यांनी हात पदराला पुसले. "म्हून नाव घेऊन सांगते. पांदन केशोरावच्या बांधीत घुसून राहिली. केशोराव मनिरामच्या बांधीत घुसून राहिला. मनिराम दुधरामच्या, दुधराम माह्या."

दुधराम खाली पाहू लागला.

"आणि तुम्ही, काकू?" घनश्यामने विचारले. त्याला राहवले नाही.

"मी तलावात."

"तलावात?"

"मंग कुठं जाऊ? माह्या बाजूले मानूस नाई. उन्हाळ्यात पानी आटलं का मी माती टाकते आन् धुरा पुढं घेते. तलाव काही म्हनत नाई. तलाव मालगुजाराचा. मालगुजार बदकं माराले येते तं वर पाह्यते."

चुन्नीलाल इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे, पूरा गाँव तालाब में जा रहा है!"

"जाऊन राहिला तं जाऊन राहिला," सावित्रीबाई म्हणाल्या. "कोनाची बांधी कमी झाली का? ज्याची इकडून गेली त्याले तिकडून भेटली. कोनी उपाशी मेला का? आन् आता हा मनिराम अमीन आनंन, मंग दुधराम आनंन, मंग मले आनाव लागंन. शेवटी मालगुजार आनंन आन् म्हनंन, बाई, माह्या तलावातून बाहेर निघ. मंग मी कुठं जाऊ?"

हा प्रश्न त्यांनी घनश्यामला विचारला होता. त्याच्याकडे कायद्यातले उत्तर होते, आणि तेच वाईट होते. सावित्रीकाकूंच्या बांधीचा बराचसा भाग तलाव होता.

"बोल ना," केशोराव म्हणाले. "आता काऊन चूप?"

"चूप आहे तेच बरं, बाबा."

"एक केस डालोगे तो चार निकलेंगी," चुन्नीलाल डोळे पुसत म्हणाले. "वकील के लिए तो सोना है यह गाँव."

हे वाक्य मात्र सगळ्यांनी नीट ऐकले. अंगणातले सगळे घनश्यामकडे पाहू लागले. सकाळी ते त्याच्याकडे नव्या धानाकडे पाहावे तसे पाहत होते. आता घरात नाग निघाल्यावर पाहतात तसे पाहत होते. मारायचा नाही, देव आहे, पण घरातही ठेवायचा नाही.

पहिला मनिराम बोलला. "मास्तरकी नको."

"नकोच," दुधराम म्हणाला. त्या दिवसात दोघांचे एकमत झाले ते हे पहिलेच. "गोंदिया लय जवळ हाय. दर इतवारी घरी येईन आन् धुऱ्यानं फिरंन."

"मग काय करायचं?" केशोरावांनी विचारले.

"वकीलच करा. पन तिकडे."

"तिकडे कुठं?"

"नागपूरले. जबलपूरले. जिथं आपल्या बांध्या नाईत तिथं."

केशोरावांनी पागोटे पुन्हा डोक्यावर ठेवले. निकाल द्यायच्या वेळी ते नेहमी पागोटे घालत. "ठरलं. घनश्याम, तू लॉ कॉलेजात जा. खर्च मी करतो. पन वकिली नागपुरातच करायची. गोंदियाले नाई. सोयऱ्याधायऱ्याचा मुकदमा घ्यायचा नाई, आन् सुटीत घरी आला तं शेताकडे जायचं नाई."

"पण बाबा, मला गोंदियालाच पाटी लावायची आहे. तुमच्याजवळ."

केशोरावांनी पागोटे जरा घट्ट केले. त्यांनाही तेच हवे असते, तर ते सांगायला ही वेळ बरी होती. "नागपूर मोठं हाय," ते म्हणाले. "पाटीबी मोठी लाव."

घनश्यामला पाहिजे होते ते मिळाले होते. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तो स्वयंपाकघरात गेला तेव्हा बायांची पंगत बसली होती आणि सावित्रीकाकू मोठ्या भुकेने जेवत होत्या. आता त्या कुणाचेही नाव घेणार नव्हत्या.

जमुनाबाईंनी त्याच्या हातात वडा ठेवला. "दुरून तं दुरून," त्या म्हणाल्या. "पन त्याहीनं हो म्हनलं ना?"

"तुला बरं वाटलं?"

"मले काय बरं वाटते? तुह्यं डोकं बापावर गेलं, हे त्याहीले आज समजलं."

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगायच्या आत केशोराव, मनिराम आणि दुधराम कुऱ्हाडी घेऊन बरोबरच शेताकडे गेले. आधी शिंदी तोडल्या, मग बाभूळ. बुंधेसुद्धा खणून काढले. झाडे पक्ष्यांना बसायला जागा देतात आणि पक्षी धान खातात, असे तिघांनीही विचारणाऱ्याला स्वतंत्रपणे सांगितले. लाकडाची वाटणी मात्र अगदी चोख झाली.

पुढच्या जूनमध्ये मिरगाच्या तोंडावर घनश्याम नागपूरला निघाला. गोंदिया स्टेशनपर्यंत केशोराव स्वतः दमणी हाकत होते. मागे ट्रंक, वळकटी आणि आईने दिलेला वड्यांचा डबा. पांदणीने जाताना शेत आले तसे केशोरावांनी बैल थांबवले.

"पाच मिनिटं," म्हणाले, आणि दमणीखाली बांधलेला फावडा सोडून घेतला. तो तिथे बांधलेला आहे हे घनश्यामला ठाऊक नव्हते.

धुरे आता मोकळे होते. त्यांच्यावर एकही झाड नव्हते. केशोराव आपल्या बाजूने धुरा कोरत आणि माती पलीकडे थापत सरळ पुढे गेले. त्यांचे काम नीटस होते. एका बांधीपलीकडे मनिराम त्याच्या दुसऱ्या धुऱ्यावर वाकून तेच करत होता. दमणी पाहून तो ताठ झाला आणि त्याने फावडा वर करून हलवला.

"नीट शिकजो रे, बापा!"

घनश्यामनेही हात हलवला. मग त्याची नजर बापाच्या फावड्यावर गेली. केशोरावांनी ती पकडली.

"तू इकडे कायले पाह्यतं?"

"पाहत नाही, बाबा."

"तिकडे पाह्य. स्टेशन तिकडे हाय."

घनश्याम वळून बसला. समोर बैलांची शिंगे होती, त्यापुढे पांदण, आणि खाली एका गाडीचे चाक पांदण सोडून केशोरावांच्या बांधीत एक वीत आत गेलेले होते. ते आपल्याच दमणीचे होते, हे त्याने ओळखले.